माहेरी न गेलेली मुलगी

मी फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. नॉटिंगहॅमला येऊन मला पस्तीसेक वर्षं झाली. त्यातली बहुतेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली, आणि आता रिटायर झाल्यावर मी घरबसल्या स्वतःचं आटवते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे भूलतज्ज्ञ. जन्मभर दुसऱ्यांना झोपवलं, आता सोफ्यावर स्वतः झोपतात. मुलगी केंब्रिजला, आपल्या संशोधनात बुडालेली. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांत मिळून एक टीव्ही.

त्या घरात नोव्हेंबरमधल्या एका दुपारी बेल वाजली. मला वाटलं, पार्सलवाला. दार उघडलं तर ती उभी. कोट नाही, पायात घरातल्या सपाता, हातात सुपरमार्केटची एक पिशवी. बाहेर अशी थंडी, की माझ्याच्यानं दार उघडं ठेवून उभं राहवेना.

तिला मी तोवर ओळखत होते ती जेमतेमच. मूळची कराडची, लग्न होऊन वर्षाभरापूर्वी इथं आलेली. नवरा इथंच जन्मलेला, ब्रिटिश पासपोर्टवाला, आयटीतला. सासू-सासरे आमच्या महाराष्ट्र मंडळातले जुने लोक. दिवाळीच्या जेवणाला हॉलच्या किचनमध्ये ती माझ्या शेजारी पुऱ्या लाटायला उभी राहिली होती, आणि काय हात होता तिचा! तळताना एक पुरी बसली म्हणून नाही. मी खूश होऊन फोन नंबर मागितला, तर म्हणाली, माझा वेगळा नंबर नाही काकू. एवढ्यात नवरा न्यायला आला आणि ही लाटणं तसंच टाकून कोट घालायला धावली. दोन दिवसांनी सासूबरोबर आमची भांडी परत द्यायला आली होती, म्हणून तिला घर ठाऊक होतं. बस, एवढीच ओळख.

आमच्याकडे नियम असा, की आधी चहा, मग प्रश्न. चहा झाला, वरणभात झाला. ह्यांनी कुणी न सांगता आपले लोकरीचे मोजे आणून तिच्यापुढे ठेवले आणि बाहेरच्या खोलीत निघून गेले. मग ती बोलली. तिच्या मनगटावर काय होतं ते मी पाहिलं. बाकीचं तिचं आहे, ते मी इथं मांडणार नाही. एवढंच सांगते, की मारापेक्षाही तिला एका वाक्याची धास्ती बसली होती. नवरा रोज म्हणायचा, मी एक फोन केला की तुझा व्हिसा रद्द. सरकारच्या वेबसाइटवरचं तिचं व्हिसाचं खातंसुद्धा त्याच्याच ईमेलवर होतं. पिशवीत तिनं पासपोर्ट तेवढा आणला होता, आणि एक ड्रेस.

मी तिला लेकीची खोली दिली आणि माझ्या मैत्रिणीला फोन लावला. नॉटिंगहॅममधल्या मराठी माणसाचं काहीही अडलं की तिलाच फोन जातो. ही माझी मैत्रीण म्हणजे रिटायर्ड जीपी. मंडळात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं तीच ठरवते. तिच्यासमोर बोलायची हिंमत फक्त माझी, आणि तीही दिवस बघून.

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात हजर. मुलीचा हात तपासला, डोक्यावरून हात फिरवला, स्वतःच्या गळ्यातली शाल तिच्या अंगावर घातली आणि स्वयंपाकघरात येऊन मला निर्णय सांगितला. पोरीला आधी माहेरी पाठवायचं. महिना दोन महिने आईजवळ राहू दे, खाऊ-पिऊ दे, जीव शांत होऊ दे. इकडे रविवारी त्या मुलाच्या आई-वडलांना बोलावून चार शब्द सुनवायचे, मुलाला ताळ्यावर आणायचं, आणि मग पुढचं पुढे. त्यांची चाळीस वर्षांची ओळख, ते आपला शब्द मोडणार नाहीत. तिकिटाला मंडळात वर्गणी काढू.

मला हे सगळं पटलं, अगदी मनापासून पटलं. का पटू नये? आमच्यात पिढ्यान् पिढ्या हेच तर चालत आलंय. सासरी असह्य झालं की मुलीनं माहेरी यायचं, बापानं किंवा मामानं जाऊन बोलणी करायची, मग नवरा खाली मान घालून न्यायला येणार. कुठं त्यानं भलं होतं, कुठं मुलगी आगीतून निघून परत फुफाट्यात जाते. पण दुखावलेल्या मुलीला दुसरं औषध आम्हाला कुणी शिकवलंच नाही. माझ्या धाकट्या मावशीला असंच आणलं होतं. मी लहान होते, मला आठवतं ते एवढंच, की ती खूप झोपायची आणि आजी कुणाला तिला उठवू द्यायची नाही.

तर झालं. दोन दिवसांत मुंबईचं तिकीट निघालं. मुलीची आई माझ्या फोनवर व्हिडिओ कॉलला आली. ती नुसती ये गं, ये गं म्हणत पदर तोंडाला लावून बसली. मीही इकडे डोळे पुसले आणि कामाला लागले. माहेरी निघालेली लेक रिकाम्या हातानं कशी जाईल? तिच्यासाठी गरम कोट आणला, आईसाठी साडी काढली, बहिणीसाठी क्रीम, शेजाऱ्यापाजाऱ्यांना चॉकलेटं. बॅगेचं वजन पंचवीस किलोच्या पुढे गेलं तेव्हा हे म्हणाले, अगं, ती मारहाणीतून सुटून चाललीये का लग्नाला? मी म्हटलं, तुम्ही झोपा.

या सगळ्यात त्या मुलीला काय हवंय ते कुणी विचारलं होतं का? नाही. ती मुकाट्यानं भाजी निवडायची, फरशी पुसायची, नको म्हटलं तरी भांडी घासायची. आणि आमच्या घरात मजा अशी, की ती आल्यापासून हे दुपारचे जागे राहायला लागले. ती चहा करायची त्यात आलं ठेचून घालायची. मी आळशी, पावडर टाकते. दोघं खिडकीशी बसून चहा प्यायचे. ती त्यांना कराडच्या प्रीतिसंगमाच्या गोष्टी सांगायची, हे तिला ऑपरेशन थिएटरमधले विनोद सांगायचे. ती हसायची तेव्हा तोंडावर हात ठेवायची. मला इतकी आवडायला लागली ती पोर, की तिकिटाचा दिवस जवळ येतो म्हणून माझीच चिडचिड व्हायला लागली.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बॅगेला कुलूप लावत होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"काकू, मला माहेरी जायचं नाही."

मी म्हटलं, भीती वाटतेय का विमानाची? ती म्हणाली, नाही. मग म्हटलं, लोक काय म्हणतील म्हणून का? तर म्हणाली, तेही आहे, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय, पण मुख्य ते नाही. मग खाली बसली, माझ्या त्या भरलेल्या बॅगेला टेकून, आणि एकेक शब्द निवडून बोलली. मी तिकडे गेले की तुम्ही सगळे मिळून मला परत पाठवाल. आई रडेल, मामा समजावतील, सासरचे गोड बोलतील. मी नाही म्हणू शकणार नाही. इथं थंडीत सपाता घालून मी एवढं चालत आले ती परत जायला नाही आले. मला इथंच राहायचंय, काम करायचंय, माझी बी.एस्सी. झालीये. फक्त त्या घरात नाही.

कुलपाची किल्ली मी बाजूला ठेवली.

मग तिनं आणखी एक सांगितलं. जीपीच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, बायकांच्या टॉयलेटच्या दाराला आतून एक स्टिकर लावलेला होता, घरात त्रास होत असेल तर या नंबरवर बोला, असा. नवरा बाहेर बसलेला असायचा. तिच्याजवळ ना पेन, ना स्वतःचा फोन. तिनं दर वेळी तिथं जाऊन तो नंबर वाचून पाठ केला होता. बाई गं! मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक बाई, आवाजावरून तरुण, फार शांत बोलणारी. तिनं आधी विचारलं, आत्ता सुरक्षित आहेस का. मग काही गोष्टी विचारून झाल्यावर म्हणाली, तुझ्या व्हिसावर पब्लिक फंड्सचा हक्क आहे का? हा प्रश्नच आम्हा दोघींना नीट कळला नाही, म्हणून तिनं समजावलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथं सरकारी मदत मिळत नाही. भत्ता नाही, घरभाड्याला आधार नाही. आणि अशा बायकांसाठी जी आश्रयघरं असतात त्यांचा खर्च त्याच भाड्याच्या मदतीतून चालतो. म्हणजे ज्या बाईला मदत घ्यायचा हक्क नाही तिला खोली देणंही त्यांना अवघड जातं. माझं टाळकंच फिरलं. मी मधेच तोंड घातलं, की म्हणजे जिला पळून जायला सगळ्यात जास्त गरज, तिलाच दार बंद? ती बाई म्हणाली, हो, बऱ्याचदा असंच होतं, पण हिच्यासाठी एक वाट आहे.

वाट अशी. नवरा ब्रिटिश असेल आणि त्याच्या छळामुळे लग्न मोडलं असेल, तर ती सरकारकडे तीन महिन्यांची एक वेगळी परवानगी मागू शकते. ती मिळाली की भत्ता मागता येतो, खोली मिळते, कामही करता येतं. आणि त्याच तीन महिन्यांत इथं कायम राहण्याचा स्वतःच्या नावावरचा अर्ज करायचा, ज्याच्याशी नवऱ्याचा काही संबंध नाही. मात्र यात दोन गोष्टी आहेत. हातात आहे तो अजून दीड वर्ष चालणारा व्हिसा सोडून तीन महिन्यांचा घ्यायचा, म्हणून आधी वकिलाशी बोलायचं. तो ती फुकट मिळवून देणार होती. आणि दुसरं, हे सगळं इथं राहून करायचं. भारतात गेली तर काम फार कठीण होऊन बसेल. शिवाय तिनं स्वतः सांगायला हवं, की लग्न संपलंय, कायमचं.

मी म्हटलं, ती उद्या माहेरी चाललीये, विश्रांतीला, आणि रविवारी आम्ही सासरच्यांना समेटाला बोलावलंय. त्या बाईनं विचारलं, विश्रांती झाल्यावर ती त्याच्याकडे परत जाणार, असं तुमचं ठरलंय का? आणि रविवारची ती समेटाची बैठक?

आम्ही मायेनं जे जे केलं होतं, तिकीट, बॅग, बैठक, त्या सगळ्याचा अर्थ इथल्या कायद्याच्या भाषेत एकच होत होता, की लग्न अजून चालू आहे. आमच्यात माहेरपणाचा अर्थच तो असतो. मुलगी चार दिवस जाते ती परत यायलाच.

फोन ठेवल्यावर मी डॉक्टरीणबाईला सांगायला गेले. काय भडकली म्हणून सांगू! म्हणाली, तीन महिन्यांच्या कागदावर पोरीचा जीव टांगायचा? आणि आपली मुलगी बेनिफिटवर? चाळीस वर्षांत आपल्या माणसांनी इथं कुणापुढे हात पसरला नाही, आणि आता आपण हिला सरकारी भत्त्यासाठी जॉबसेंटरच्या रांगेत उभं करायचं? मंडळ मेलंय का? मी वर्षभर पोसेन तिला. हे ती खरंच मनापासून म्हणत होती. डॉक्टरीणबाईनं शब्द दिला की तो दगडावरची रेघ. पण माझीही सटकली. मी म्हटलं, अगं, आपण पेन्शन घेतो ती कुणाची? हॉस्पिटलात फुकट गुडघा बदललास तो कुणाच्या पैशानं? तू वर्षभर पोसशील, आणि मग ती वर्षभर तुझ्या दारची आश्रित होऊन राहील. तिला तसं नकोय. तिला वर्गणी नकोय, हक्क हवाय. डॉक्टरीणबाई म्हणाली, मग बघा तुमचं तुम्ही. रविवारची बैठक मी बोलावलीये, ती मी मोडणार नाही. आणि तिनं मला बाहेरपर्यंत पोचवलंसुद्धा नाही, जे आजवर कधी झालं नव्हतं.

सगळ्यात अवघड काम राहिलंच होतं. आईला सांगायचं. ती माउली तिकडे खोली झाडून, गादीला नवा अभ्रा घालून बसली होती. मी म्हटलं, मी बोलते. मुलगी म्हणाली, नको काकू, मीच. मी उठून जायला निघाले तर तिनं माझा हात धरून ठेवला. तिनं आईला सगळं सांगितलं. न रडता सांगितलं, मला रडू आवरेना ते वेगळं. शेवटी म्हणाली, आई, मी त्याला सोडलंय. मी परत जाणार नाही, म्हणून मला आत्ता तुझ्याकडेही येता येत नाही.

आईनं त्या नव्या अभ्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "माझ्याजवळ ये, एवढंच म्हणता येतं गं मला. दुसरं काय म्हणायचं ते तू सांग, मी तसं म्हणते."

तो फोन झाल्यावर मी बॅग उघडली. कोट तिला दिला. साडी कपाटात ठेवली. चॉकलेटं ह्यांनी खाल्ली, डायबेटिस असून.

मधल्या त्या दिवसांत एकदा तिचा नवरा आला. गाडी समोरच्या फुटपाथला लावून आत बसून राहिला, आमच्या दाराकडे बघत. ती जिन्यावर थिजून बसली. मी लाटणं घेऊन निघाले होते, खोटं नाही सांगत. पण ह्यांनी मला बाजूला केलं. ड्रेसिंग गाऊन, डोक्याला कानटोपी, हातात चहाचा मग, अशा अवतारात हे बाहेर गेले आणि त्याच्या गाडीच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. चहा पीत उभे. त्यानं काच खाली केली, काहीतरी म्हणाला, हे ऐकत उभे. त्यानं गाडी सुरू केली, गेला. आत येऊन म्हणाले, चहा गार झाला. मग ताबडतोब पोलिसांना फोन करून रीतसर कळवलं, कारण त्या शांत आवाजाच्या बाईनं तसं बजावलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला ह्यांचा जो अभिमान वाटला तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही. चढून बसतील.

वकीलबाईंशी बोलणं झालं. अर्जात स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं, आणि ती लिहायला बसली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात खूप आवाज करत होते, म्हणजे तिला वाटू नये की कुणी कान देऊन बसलंय. आम्हा दोघांनाही आम्ही काय पाहिलं ते लिहून मागितलं होतं. ह्यांनी केस पेपर लिहावा तसं चार ओळींत लिहिलं. माझं सहा पानं झालं; वकीलबाईंनी नम्रपणे थोडं कमी करायला सांगितलं.

रविवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई आली. न सांगता, मागच्या दारानं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. चहा दिला, तो तसाच. मग म्हणाली, मी त्यांच्यासाठी सुरळीच्या वड्या केल्या होत्या गं. त्या दोघांनी वड्या खाल्ल्या, मुलाची बाजू सांगितली, आणि सासू हसून म्हणाली, "आम्ही आणलंय तिला इथं, आमच्याशिवाय जाईल कुठे?" चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर आरत्या म्हटल्या त्यांच्या तोंडून ते हसत हसत ऐकलं आणि हिला कळलं, की पोर परत गेली असती तर काय झालं असतं. तिनं त्यांना उठायला सांगितलं. उरलेल्या वड्या डब्यात भरून मुलीसाठी घेऊन आली होती.

त्यानंतर डॉक्टरीणबाईनं जो पवित्रा बदलला तो बघण्यासारखा होता. मुलीच्या हाताबद्दल पहिल्या दिवशी काय पाहिलं ते तिनं वकिलासाठी सविस्तर लिहून दिलं. जॉबसेंटरला मी नेणार, असं तीच म्हणायला लागली. मी टोमणा मारला, काय गं, आपली मुलगी बेनिफिटवर? तर म्हणाली, तू गप्प बस, आयुष्यभर टॅक्स भरलाय मी, आमच्या पोरीच्या कामी आला तर बिघडलं कुठे?

परवानगी आली ती एका सकाळी, ईमेलवर, आता तिच्या स्वतःच्या. तीन महिने. तिनं वाचलं, मला वाचायला दिलं, मी चष्मा शोधेपर्यंत ह्यांनी वाचून टाळ्या वाजवल्या. मग दोन दिवसांतच खोलीही मिळाली, दुसऱ्या गावी. कुठल्या, ते आम्हाला सांगायचं नाही असा नियम. कुणालाच सांगायचं नाही, म्हणजे कुणाकडून फुटत नाही. नियम बरोबर आहे, मला मान्य आहे. पण जिला मी हातानं जेवू घातलं ती कुठे राहतेय ते मला माहीत नाही, हे मला फार जड गेलं. टॅक्सी आली. ती आम्हा दोघांच्या पाया पडली. मी म्हटलं, पोचलीस की कळव. मग लक्षात आलं, की कुठे पोचली ते नाही कळवायचं, तेव्हा म्हटलं, बरी आहेस एवढं कळव. टॅक्सी वळल्यावर हे सोफ्यावर जाऊन आडवे झाले, पण झोपले नाहीत.

ती कळवत राहिली. दर बुधवारी फोन. कायम राहण्याचा अर्ज वेळेत गेला, मग नुसती वाट बघणं. तोवर भत्ता चालू होता. आश्रयघरात एका सोमाली बाईला तिनं पोळ्या शिकवल्या, तिच्याकडून सामोसे शिकली. मग एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुने घ्यायच्या खिडकीवर काम लागलं, तेव्हा तिनं पहिला फोन मला केला. लॅबमध्ये! मी तिला अर्धा तास सूचना दिल्या, तिनं सगळ्या ऐकून घेतल्या. स्वतःची भाड्याची खोली घेतल्यावर, नवऱ्याला पत्ता लागणार नाही असं बघून, तिनं मला गाव सांगितलं. साउथहॅम्प्टन. मी दुसऱ्याच शनिवारी ट्रेननं गेले, कुळथाचं पीठ आणि मेतकूट घेऊन.

मी अशा बऱ्याच चकरा मारल्या. त्यातल्या एका चकरेत, जून महिना होता, आम्ही दोघी तिच्या त्या इवल्याशा किचनमध्ये पिठलं करत होतो. तिनं ढवळता ढवळता फोन बघितला आणि गॅस बंद केला. अर्ज मंजूर. कायम राहायची परवानगी, तिच्या एकटीच्या नावावर. मला मिठी मारताना तिच्या हातातली पळी माझ्या केसांना लागली, पिठलं अजून आठवतं.

तिनं लगेच कराडला व्हिडिओ कॉल लावला. आई अंगणात होती, मागे कुणीतरी धुणं वाळत घालत होतं. मुलगी म्हणाली, आई, झालं. आता मी कुठेही जाऊ शकते. आता येते तुझ्याकडे.

दीड वर्ष झालं होतं त्या बाईला मुलीला जवळ घेऊन. मला वाटलं, आता ही पुन्हा पदर तोंडाला लावणार. पण तिनं ओले हात लुगड्याला पुसले, फोन जवळ धरला आणि आपल्या लेकीकडे नीट बघून म्हणाली, "ये. पण परतीचं तिकीट आधी काढ."